शालिकने बांधलेला डब्बा

डिसेंबर लागला की आमचं जबलपूर हिरवं होतं. पुण्याकडचे पाहुणे त्याला वाटाणा म्हणतात, आम्ही घरात मराठी बोलतो तरी मटरला मटरच म्हणतो. अधारतालच्या मेन रोडवर टरफलांचा असा थर साचतो की ऑटोवाला एका दुकानापुढे ब्रेक मारतो आणि तिसऱ्या दुकानापुढे थांबतो. गाईंचं तर विचारूच नका. मी स्वतःच्या डोळ्यांनी हिरवट दूध पाहिलं आहे. एका जानेवारीत आमच्या गल्लीतल्या म्हशीने शेंगा सोलून दाणे वेगळे आणि टरफलं वेगळी ठेवली होती, कोणीही न शिकवता. बायको म्हणते, खोटं. लग्न झाल्यापासून ती हेच म्हणते आहे. मी कधी मनावर घेतलं नाही. आपल्या थापांनी कोणाचं काही बिघडत नाही, उलट चार माणसं हसतात, या भरवशावर मी साठी ओलांडली.

माझं गॅरेज आहे. गाड्यांचे गिअरबॉक्स दुरुस्त करतो. आमच्या धंद्यात त्याला डब्बा म्हणतात. या वर्षीचा पहिला मटर आला त्या आठवड्यात शेजारच्या गॅरेजात चहा प्यायला गेलो होतो. तिथला गुड्डू मिस्त्री, दोन वर्षांपूर्वीच बाहेरगावाहून आलेला तिशीतला गडी, हाताने चांगला, तोंडाने त्याहून चांगला, एका मोठ्या ऑटोमॅटिक गाडीखालून सरपटत बाहेर आला. बोटाला तेल होतं, काळं, डांबरासारखं. ते त्याने नाकाशी नेलं आणि गाडीच्या मालकाला म्हणाला, "गया भैया. शालिक हो गया."

माझा चहा कपातच राहिला. "काय झालं म्हणालास?"

"शालिक, चाचा. मतलब डब्बा जल गया. और गाडी की गलती से नहीं, बनाने वाले की गलती से."

"हे शालिक म्हणजे काय रे?"

गुड्डूने खांदे उडवले. "पता नहीं. अंग्रेजी होगा. कोई पार्ट-वार्ट का नाम होगा. उस्ताद लोग बोलते थे, तो हम भी बोलते हैं."

मालकाने मान हलवली, जणू डॉक्टरने रोगाचं नाव सांगितलं. मी मात्र भर थंडीत घामाने भिजलो. एवढा की माझ्या खालचं स्टूल, खरं सांगतो, तरंगायला लागलं.

शालिक हे कुठल्या पार्टाचं नाव नाही. शालिक माणूस आहे. आमच्या दोघांचे वडील भंडाऱ्याकडून फॅक्टरीत कामाला आले, एकाच लाइनीत क्वार्टर मिळालं. आम्ही एकाच शाळेत नापास झालो, एकाच मिस्त्रीकडे हात काळे केले, आणि मग अधारतालला गॅरेज टाकलं. पाटीवर नाव माझं. त्याने मागितलं नाही, मी विचारलं नाही. मी बोलायचो, तो काम करायचा. गिऱ्हाईक माझ्या बोलण्याला येतं की त्याच्या हाताला, हा प्रश्न मला पडायचा नाही, कारण उत्तर माहीत होतं.

शालिकचा हात म्हणजे काय सांगू! तो तेलाच्या वासावरून गाडीची कुंडली काढायचा. डब्ब्यातली मोजपट्टी ओढायची, तेलाचा एक थेंब अंगठा आणि बोटात चोळायचा, डोळे मिटून हुंगायचं. "हे तेल दोन वर्षांत बदललं नाही." "हिले मालकाच्या मेहुण्यानं चालवलं." एकदा म्हणाला, "या गाडीचा मालक घाईचा आहे आणि घरी भांडून निघते." मालक तिथेच उभा होता, तो रडायलाच लागला. बरं, रडला नसेल, पण तोंड नक्की पाडलं होतं. छावणीजवळच्या सदरमधल्या फौजी कुटुंबांच्या गाड्या, मोठ्या साहेबांच्या, त्या कंपनीच्या चकाचक वर्कशॉपमधून परत पाठवलेल्या असायच्या आणि हळूच आमच्या पत्र्याखाली येऊन उभ्या राहायच्या. शालिक त्यांचा डब्बा उघडायचा, जुन्या धोतराच्या पांढऱ्या फडक्यावर एकेक भाग ओळीने मांडायचा. त्या फडक्यावर पाय पडला तर तो माझ्याशी दोन दिवस बोलत नसे. त्या ओळीत मला नुसतं लोखंड दिसायचं. त्याला तिथे काय दिसायचं, ते मी कधी विचारलं नाही.

हातगिअरचा डब्बा आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांसारखा असतो. जरा दुखलं की कोकलतो. चुकीचा गिअर टाका, तो किंचाळून चार घरांना उठवेल. ऑटोमॅटिक तसा नाही. तो सोसतो. त्याच्या पोटात पातळ प्लेटा असतात, पोळ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक, तेलात बुडालेल्या. तेलाच्या दाबाने त्या एकमेकींना घट्ट धरतात आणि इंजिनाचा जोर चाकांकडे पोचवतात. जोर जास्त झाला की त्या जराशा घसरतात. घसरल्या की तापतात, तापल्या की आणखी घसरतात. चालवणाऱ्याला काही कळत नाही. तो गाणी ऐकत असतो. आणि मग एक दिवस पाय दाबला की इंजिन गरजतं आणि गाडी जागची हलत नाही. तक्रार नाही, आवाज नाही. फक्त नाही.

लोकांना हे पटतच नाही. पिकअप घेतात, तिच्या इंजिनाला खुराक चारतात. मोठा टर्बो, कॉम्प्युटरवरून फिरवलेलं मॅपिंग, भोंग्याएवढा सायलेन्सर. इंजिन दुप्पट झालं म्हणून पेढे वाटतात. डब्बा तोच, कंपनीने बसवलेला, सभ्य माणसाच्या सभ्य जोरासाठी बनवलेला. शालिक कपाळाला हात लावायचा. "इंजिन फुगवणं सोपं आहे बे, वसंता. डब्ब्याले कोणी विचारते का, बाबा, तुले झेपते का म्हणून?"

पिंटू भैयाने विचारलं नव्हतं. पिंटू भैया म्हणजे मंडीतल्या एका मोठ्या मटर व्यापाऱ्याचा एकुलता एक मुलगा, वय सव्वीस, छाती चाळीस. त्याची पिकअप चार दरवाजांची, मागे उघडा हौदा, चाकं इतकी उंच की आत चढायला शिडी लागे आणि उतरायला पॅराशूट. इंदूरहून इंजिन फुगवून आणलं होतं. सायलेन्सर असा की तो सदरमधून गेला की बाल्कन्यांतले वाळत घातलेले कपडे आपोआप घड्या होऊन पडायचे. कंपनीच्या डब्ब्याने सहा महिन्यांत हात टेकले, तेव्हा ती पिकअप आमच्याकडे आली, पाच-सहा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात.

शालिकने पंधरा दिवस घेतले. आत जाड प्लेटा घातल्या, तेलाचा दाब वाढवला, आयुष्यात जे जे शिकला होता ते सगळं त्या एका डब्ब्यात भरलं. शेवटची प्लेट बसवायची त्या दिवशी तो चष्मा घरी विसरून आला होता. घर चार पावलांवर, मी म्हटलं, आण जाऊन. तो म्हणाला, "काहून? बोटाले डोळे आहेत ना." शेवटच्या जाड प्लेटेला एका अंगाला खाच असते, ती बाहेरच्या बाजूला यावी लागते. त्याने अंगठा फिरवला, हसला, बसवली. मी समोर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि हे पाहिलं ते म्हशीसारखं पाहिलं नाही, खरंच पाहिलं.

डब्ब्याचं तेल थंड ठेवायला गाडीच्या तोंडाशी एक वेगळा कूलर लावायचा होता. तो दिल्लीहून यायचा होता आणि येत नव्हता. इकडे मंडीत मटर उतरायला सुरुवात होणार होती. पिंटू भैया रोज येऊन आमच्या डोक्यावर बसायचा.

शालिकने मला बाजूला घेतलं. "गाडी घेऊन जाऊ दे. पण त्याले नीट सांग, वसंता. कूलर लागतपर्यंत मागे माल भरायचा नाही. ब्रेक दाबून रेस द्यायची नाही. आणि घाटात न्यूट्रल करायचं नाही, काही झालं तरी."

हे न्यूट्रलचं जबलपूरबाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्याकडचा ड्रायव्हर उतार दिसला की गिअर काढतो. त्याच्या बापाने काढला, त्याच्या उस्तादाने काढला. कुंडमकडून शहरात येताना जंगलातले लांब लांब उतार लागतात. तिथे गाडी न्यूट्रलवर सोडायची, वाऱ्यावर झुलत यायचं, डिझेल वाचवलं म्हणून खाली पानाच्या टपरीवर दोन पानं जास्त खायची. हातगिअरच्या गाडीत हे खपून जातं. ऑटोमॅटिकमध्ये न्यूट्रलवर इंजिन मंद फिरतं, तेलाचा दाब पडतो, चाकं मात्र आतल्या भागांना गरागरा फिरवत राहतात. आणि उतार संपला की आपले लोक तसाच धडकन गिअर टाकतात. आत प्लेटांवर काय गुदरत असेल ते प्लेटाच जाणोत.

गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझं. मी पिंटू भैयाकडे गेलो. तीन गोष्टी जिभेवर तयार होत्या. तो पिकअपच्या बॉनेटला टेकून उभा, भोवती चार मित्र, आणि माझ्याकडे असा बघत होता जसं लोक जादूगाराकडे बघतात.

"तो अंकल, रेडी? कितना झेलेगा?"

आता त्या वेळी माणसाने काय म्हणावं? नीट म्हणावं, बेटा, जरा जपून. पण 'जरा जपून' हे शब्द मला कधी बोलताच आले नाहीत. ते तोंडात आले की मला वाटतं आपण सरकारी दवाखान्यातला कागद वाचून राहिलो. मी बॉनेटवर थाप मारली. "हत्ती बांध मागे. हत्ती थकेल, हा डब्बा थकणार नाही. तुझा नातू लग्नाची वरात यातूनच काढेल."

"और कुंडम साइड से उतरते टाइम न्यूट्रल? डीजल बहुत पीती है ये."

"मारो, बिंदास मारो. शालिक ने बांधा है."

मित्रांनी शिट्ट्या मारल्या. आत शालिक फडकं धूत होता. मला म्हणाला, "सांगितलं ना सगळं?"

"सांगितलं," मी म्हणालो. बोलणं तर झालंच होतं.

आमच्या मंडीत व्यापाऱ्यांची एक हौस आहे. हंगामाची पहिली भरलेली पिकअप फाटकातून आत आली की तिच्या बॉनेटला झेंडूचा हार घालतात, ड्रायव्हरला गूळ देतात. त्याने कोणाचं पोट भरत नाही, पण त्या दिवसभर मंडीत त्या व्यापाऱ्याच्या मिशीला वेगळा पीळ असतो. पिंटूच्या वडिलांना, सेठजींना, तो हार तीन वर्षं हुकला होता. त्या सकाळी ते हार हातात घेऊन स्वतःच फाटकाशी उभे होते. मी आणि शालिकही गेलो होतो. शालिक एरवी कुठे जात नसे. पण त्याने धुतलेला शर्ट घातला होता आणि केसांना पाणी लावलं होतं. आपला डब्बा हार घेताना बघायचा होता त्याला.

थंडी अशी होती की माणसांचे शब्द तोंडातून गोठून खाली पडत होते, आणि ते उचलून कानाला लावल्यावरच कळत होतं कोण काय म्हणालं. सगळीकडे मटरचा तो कच्चा, ओला, गवतासारखा वास. आणि मग दुरून तो भोंगा. पिंटू भैया आला. हौद्यात पोती रचलेली, अर्ध्या घराएवढी. कुंडमच्या पलीकडून शेतावरून भरून, सगळे उतार न्यूट्रलवर झुलत आला होता. डिझेल किती वाचलं ते खिडकीतून ओरडून सांगत होता. फाटकापासून पन्नास पावलांवर त्याने गाडी थांबवली. मित्रांचे मोबाइल वर झाले. त्याने डावा पाय ब्रेकवर, उजवा रेसवर दाबला. इंजिन गरजलं, पिकअप मागच्या चाकांवर बसली, टायरांतून धूर निघाला. लोक ओरडायला लागले.

माझ्या शेजारी शालिक म्हणाला, "हे काय करून राहिला तो?" आणि मग माझ्याकडे वळला. "वसंता, तू सांगितलं होतं ना?"

पिंटूने ब्रेक सोडला. इंजिन आणखी गरजलं. पिकअप हात-दोन हात पुढे आली आणि थांबली. गरजत राहिली आणि थांबून राहिली. खालून तो वास आला. जळक्या तेलाचा, केस जळल्यासारखा. मटरचा वास त्याने पुसून टाकला. मागे एक जुनाट हातगिअरची पिकअप होती, दरवाजा सुतळीने बांधलेला, ती हॉर्न देत बाजूने निघाली, फाटकातून आत गेली, आणि मंडीने हसत हसत तिच्या ड्रायव्हरला गूळ खाऊ घातला. पिंटूची गाडी पंधरा हमालांनी ढकलत आत नेली.

सेठजींच्या हातात हार तसाच होता. ते मोठ्याने बोलणारे गृहस्थ नव्हते. सगळ्यांसमोर मला विचारलं, "वसंत भाई, आप तो बोले थे हाथी बांध लो. फिर ये क्या हुआ?"

शंभर माणसं होती. या वेळी वाढवून सांगत नाही; कदाचित जास्तच असतील. माझ्याकडे दोन उत्तरं होती. एक खरं होतं: मी तुमच्या मुलाला जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. ते एक वाक्य होतं, लहानसं.

मी आयुष्यभर थापा मारल्या, त्यामुळे मला एक कळतं. मोठ्या थापेवर कोणी विश्वास ठेवत नाही, ती त्यासाठी नसतेच. विश्वास बसतो तो छोट्याशा, हाताला लागणाऱ्या गोष्टीवर. मी आवाज खाली आणला, जसा मी कधीच आणत नाही. म्हणालो, "सेठजी, शेवटची प्लेट उलटी बसली असणार. त्या दिवशी शालिकचा चष्मा घरी राहिला होता."

बस. हत्ती नाही, वरात नाही. एक चष्मा.

आणि सगळ्यांना पटलं. ज्या लोकांनी माझं एक वाक्य कधी खरं मानलं नव्हतं, त्यांनी हे मानलं. कोणाबद्दल काय लवकर पटतं, यालाही गावाच्या काही सवयी असतात. शालिक कोणत्या वस्तीतून येतो, त्याच्या घराच्या कोपऱ्यावर कुठला विहार आहे, हे मंडीत सर्वांना ठाऊक होतं. मी त्या सवयींच्या भरवशावर बोललो असं नाही म्हणणार. पण त्या तिथे आहेत, हे मला बोलायच्या आधी माहीत होतं. कोणी तरी मागून म्हणालं, "बिना चश्मे के डब्बा बांधते हैं ये लोग." हशा झाला.

मी शालिककडे बघितलं. वाटलं, आता हा उसळेल, माझी गचांडी धरेल, आणि मी ओरडून सांगेन की बरोबर आहे, धर. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "चष्मा नव्हता खरा."

डब्बा गॅरेजात आला, शालिक आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकट्याने उघडला. सगळ्या प्लेटा काळ्या, तव्यासारख्या. आणि शेवटची जाड प्लेट जिथे असायला हवी तिथे, खाच बाहेरच्या बाजूला, अगदी बरोबर. मी तिच्यावर अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. पांढरं फडकं खुंटीला होतं, ते अंथरायचा धीर झाला नाही. सगळं एका पोत्यात भरलं आणि भंगारवाल्याला हाक मारली. पोतं उचलताना तो म्हणाला, "चाचा, भारी माल है." मी म्हणालो, "हो."

चौथ्या दिवशी शालिक आला. दारातच उभा राहिला, आत पाऊल टाकलं नाही. गॅरेजच्या निम्म्या वस्तू त्याच्या हाताने लावलेल्या, आणि तो पाहुण्यासारखा उभा.

"उघडला?"

"उघडला."

"उलटी होती?"

इथे कोणी नव्हतं. मंडी नव्हती, सेठजी नव्हते, मोबाइल नव्हते. माझ्या थापेला ऐकणारा एकच माणूस होता आणि ती त्याला ऐकवायची काही गरज नव्हती. पण सेठजींच्या घरच्या चार गाड्या माझ्याकडे यायच्या, आणि खरं एकदा शालिकला सांगितलं की ते मंडीत पोचायला किती वेळ. हे सगळं मी त्या एका क्षणात मोजलं.

"जराशी," मी म्हणालो.

तो मान हलवून गेला. महिन्याभरात घर आवरून बायकोला घेऊन कुंडमला राहायला गेला, तिथे त्याचा मेहुणा आहे. आमच्या गॅरेजांच्या लाइनीतल्या मिस्त्र्यांनी हौसेने ते नाव उचललं. कुठे डब्बा जळला की, "शालिक ने बांधा क्या?" मग नुसतं, "शालिक हो गया." आधी ते म्हणायचे तेव्हा माझ्याकडे बघून हसायचे, मीही हसायचो. पुढे माझ्याकडे बघणं बंद झालं. शब्द चलनात आला, माणूस गेला.

त्या दिवशी गुड्डूच्या गॅरेजात मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "ऐका रे सगळे." आणि सांगितलं. सगळं. हत्ती, न्यूट्रल, चष्मा, प्लेट, पोतं. हिंदीत सांगितलं, मराठीत सांगितलं, हात हलवून सांगितलं. पाच-सहा जण होते. ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू होतं, जे माझी गोष्ट ऐकताना नेहमी असतं. संपल्यावर गुड्डू टाळी देत म्हणाला, "वाह चाचा! मतलब शालिक एक आदमी था! ये वाला तो भैंस वाले से भी बढिया है."

मग मी कुंडमची बस धरली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सालाची झाडं उभी होती, थंडीत गप्प. चढणीत मधेच एक उतार लागला तसा ड्रायव्हरने गिअर काढला आणि बस वाऱ्यावर झुलू लागली. मी डोळे मिटून घेतले.

शालिकचं दुकान बाजाराच्या टोकाला आहे. पाण्याच्या मोटरी बांधतो, पंखे, मिक्सर. गाडीचा एकही भाग नाही. केस पांढरे झालेत, आणि चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

"अबे वसंता! तू? सुशीला, पाहा कोण आलं!"

सुशीला वहिनी बाहेर आल्या. "या भाऊजी," म्हणाल्या. त्यांनी मिठाच्या पाण्यात उकडलेल्या मटरच्या शेंगा आणून ठेवल्या. मी एकही उचलली नाही.

"गाड्या नाही करत?" मी विचारलं.

"नाही बा." तो हसला. "एकदा जीव टाकून केलं आणि तेच उलटं निघालं. मग हातावरचा भरवसा जाते ना. अजूनही कधी कधी ती प्लेट माझ्या हातात असते. अशी." त्याने अंगठा हवेत फिरवला. "कधी वाटते बरोबर होती. कधी वाटते नव्हती. तू उघडून पाहिलं म्हणून बरं, नाही तर जन्मभर कळलंच नसतं."

मी सांगितलं. या वेळी हात हलवले नाहीत. आवाजही खाली आणला नाही, कारण त्या खालच्या आवाजानेच सगळा घात केला होता. प्लेट सरळ होती. खाच बाहेर होती. तू सांगितलेल्या तिन्ही गोष्टी मी पिंटूला सांगितल्याच नव्हत्या. मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो, या दारात नाही, आपल्या गॅरेजच्या दारात.

शालिक ऐकत होता. एका क्षणी त्याच्या डोळ्यांत काही तरी हललं, असं मला वाटलं. मग त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि मोठ्याने हसला.

"तू बदलला नाही बे! एवढ्या दूर बस धरून आला, माझं मन राखायले?"

"शालिक, खरं सांगून राहिलो."

"हो, हो. आणि ती प्लेट कुठे आहे, दाखव."

"भंगारात दिली."

"पाहा!" तो टाळी वाजवून बायकोकडे वळला. "हत्तीबी भंगारातच दिला असंल यानं. म्हशीची गोष्ट ऐकली का तू याची?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज मऊ झाला. "असू दे वसंता. चूक होते माणसाच्या हातून. मी तर तुझ्यावर कधी राग धरला नाही, तू काहून एवढा कष्टी होतं?"

शपथ घेतली असती, पण मी शपथा फार घेतलेल्या आहेत, आणि त्याने त्या सगळ्या ऐकलेल्या आहेत.

"सुशीला, याले जेवायले वाढ," शालिक म्हणाला. "माणूस सोन्यासारखा आहे, फक्त फेकते."

वहिनी हसल्या नव्हत्या. त्या दाराला धरून उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. नजर हटवत नव्हत्या. मग त्यांनी आतून ताट आणलं. भात, मटरची भाजी, भाकरी, सगळं एकदाच वाढलं. शालिक मोटरीची तार गुंडाळत, हसत हसत शेजाऱ्याला सांगत होता की हा आमचा वसंता, हा काय काय सांगते. मी खाली मान घालून जेवलो. पुन्हा वाढायला वहिनी बाहेर आल्या नाहीत.